आंघोळीच्या पाण्यावरचा मोगरा

बनशंकरीतल्या त्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर सकाळचा प्रकाश कधी एकदम येत नसे. आधी तो समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीला मागून हळूच स्पर्श करी. टाकीच्या कडेला एक बारीक, जेमतेम दिसणारी सोनेरी किनार उमटे आणि बराच वेळ तिथेच थांबून राही. पुढे जावे की जाऊ नये याचा त्या प्रकाशाचा निर्णयच झालेला नसे. मग नारळाच्या झावळ्यांतून गाळला जाऊन तो व्हेंटिलेटरच्या तिरप्या काचपट्ट्यांवर येऊन बसे. काचा वर्षानुवर्षांच्या वाफेने धुरकटलेल्या होत्या, त्यामुळे त्याला एक दुधाळपणा येई. पट्टीपट्टीने तो आत उतरे. पांढऱ्या फरश्यांवर आधी राखाडी, मग फिकट पिवळा, मग ज्याला कोणत्याच भाषेत नाव नसावे असा एक रंग पसरे. आणि सरतेशेवटी एकच तिरीप नेमकी येऊन साबणाच्या हिरव्या वडीवर पडे. ती वडी त्या क्षणी आतून उजळल्यासारखी दिसे. वाफेचे कण तिरिपेत वर चढत, गिरकी घेत आणि दिसेनासे होत. शार्दूल त्यांच्याकडे पाहत राही. माणसाच्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टीही अशाच उशिरा आणि तिरप्या येत असतील का, असे त्याला वाटे. कॉलेजात न बोललेली वाक्ये त्याला आठवत, ती कोणाशी बोलली नाहीत तेही आठवे, आणि कोमट पाणी डोक्यावरून ओघळत असताना तो त्या वाक्यांची रचना थोडी सुधारून घेई.

बहुधा याच सुमारास खालून पुष्पावतीअक्कांची हाक येई.

"शार्दूल, बरा आहेस ना रे?"

"बरा आहे, अक्का," असे म्हणून तो शॉवर बंद करी. परक्या शहरात रोज सकाळी आपल्या प्रकृतीची चौकशी करणारे कोणीतरी आहे, या विचाराने त्याचे डोळे पाणावत. बाकीचे अंग अर्थात आधीच ओले असे.

पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूत आल्यापासून शार्दूलला अनेक गोष्टी जमल्या नव्हत्या. रिक्षावाल्याशी घासाघीस जमली नव्हती, ऑफिसातल्या बैठकीत सगळ्यांबरोबर हसणे जमले नव्हते. जमले होते ते हे घर. खाली घरमालक पद्माकरअण्णा आणि अक्का राहत. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, चिकपेटेत कापडाचा व्यापार करून रुजलेले. त्यांची मराठी पुण्याच्या मराठीहून जुनी आणि मऊ होती, आणि मधूनमधून तिच्यात कन्नड शब्द उडदाच्या डाळीत मेथीचे दाणे पडावेत तसे सापडत. घराच्या फाटकावर मोगऱ्याचा मांडव होता. अक्का त्याला मल्लिगे म्हणत, आणि दर शुक्रवारी त्याच मोगऱ्याचा गजरा त्यांच्या देवीला चढे. या घरावर, या दोन माणसांवर आणि मुख्यतः त्या वरच्या प्रकाशावर शार्दूलचा जीव जडला होता. म्हणूनच माघ सरत आला असताना अण्णांनी त्याला खाली डोशाला बोलावून जे सांगितले, ते ऐकून त्याच्या हातातला तुकडा चटणीतच राहिला.

"हे बघ, शार्दूल," अण्णा म्हणाले, "बोअर तर आटलीच. कावेरीचं पाणी एक दिवसाआड, तेही स्वल्प. गेल्या उन्हाळ्यात टँकरवाला आपल्या घरचाच झाला होता, त्याच्या मुलीच्या बारशाचंसुद्धा बोलावणं आलं. तर मी म्हणतो, वरचा भाग पाऊस येईतो रिकामा ठेवावा. तू मनाला लावून घेऊ नको."

एवढे बोलून अण्णा कोणाच्याच डोळ्यांकडे न पाहता छताकडे पाहू लागले. छतावर पाहण्यासारखे काही नव्हते. तिथे फक्त शार्दूलच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीत शिरत होता.

शार्दूल स्वभावाने भिडस्त होता. पण भिडस्त माणसाला एखाद्या विषयाचे ज्ञान आहे असे एकदा वाटले, की त्याच्यासारखा धीट कोणी नसतो. आणि पाणी हा विषय त्याने मोबाइलवर पुष्कळ वाचला होता.

"अण्णा," तो म्हणाला, "घर रिकामे करून पाणी वाचत नसते. या घरात पाणी कुठे वाया जाते, ते मी शोधून काढतो."

अण्णांनी अक्कांकडे पाहिले. अक्कांनी तव्याकडे पाहिले.

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे ठीक आहे. त्या एका शब्दात या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सभ्यता साठवलेली होती. पाहुण्याला त्याचा दोष तोंडावर सांगायचा नाही, हा त्या घराचा कुलाचार होता. आणि भाडे देत असला तरी वर राहणारा मुलगा त्यांच्या लेखी पाहुणाच होता.

शोध चार सकाळींत पूर्ण झाला. अक्का पहाटे उंबरठा आणि फाटकापुढचा रस्ता धुऊन मगच रांगोळी काढतात, हे शार्दूलने पाहिले. डोशाचे पीठ वाटण्याचे यंत्र आणि देवाची पितळी भांडी किती पाण्याने धुतली जातात, तेही पाहिले. शेवटी मोगऱ्याला सकाळ-संध्याकाळ नळी लावून पाणी घातले जाते, हे पाहून त्याने निःश्वास सोडला. गुन्हेगार सापडला होता. घरातल्या प्रत्येक नळाची अशी झडती झाली. फक्त वरच्या न्हाणीघरातला नळ राहिला, कारण दुर्बिणीतून आकाश पाहणारा माणूस दुर्बिणीकडे पाहत बसत नाही.

त्याने अण्णांपुढे योजना मांडली. दोन्ही न्हाणीघरांचे पाणी गटारात न सोडता घरामागच्या निळ्या पिंपात घ्यायचे. ते खडी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांतून गाळायचे, कर्दळीच्या वाफ्यातून फिरवायचे आणि फाटकाजवळच्या मोगऱ्याला द्यायचे. मोगरा असा आंघोळीच्या पाण्यावर जगला, की चांगले पाणी घराला पुरेल. पाऊस येईपर्यंत टँकर बोलवावा लागला नाही, तर शार्दूल वर राहील. बोलवावा लागला, तर तो स्वतःहून सामान बांधेल. शेवटचे वाक्य बोलताना त्याचा आवाज किंचित थरथरला, आणि तो आपल्याला बरा थरथरवता आला असे त्याला वाटले.

"पण बाळा," अक्का म्हणाल्या, "पाणी मुळातच स्वल्प कमी वापरलं तर?"

"तेच तर सांगतोय, अक्का. तुम्ही उंबरठा थोडा कमी धुवा."

अक्का पदराला हात पुसत आत गेल्या.

योजना गुप्त राहील अशी त्याची अपेक्षा होती. परंतु बेंगळुरूत कोणी घरामागे खडीचे पोते उतरवले, की त्याचा अर्थ विचारायला गल्ली येते. सर्वांत आधी समोरचे सुब्बाराव आले. ते बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात जन्मभर पंप बनवून निवृत्त झाले होते, आणि जगातल्या बहुतेक दुःखांचे मूळ योग्य जागी पंप नसणे हेच आहे, अशी त्यांची धारणा होती. पाणी उतारावरून आपोआप वाहील, असे शार्दूलने सांगितल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतारावर विश्वास ठेवून फसलेल्या दोन नातेवाइकांची हकीकत सांगितली. जाताना त्यांनी एक जुना पंप देऊ केला. मग कोणी पिंपात मासे सोडा म्हणाले, कोणी कासव सुचवले. एका गृहस्थांनी असे पाणी त्यांच्या मेहुण्याच्या पपईला मानवल्याचे सांगितले, आणि पपई पाठवतो म्हणून ते जे गेले ते गेलेच.

शार्दूलला मात्र प्रत्येक काम रीतसर करण्याची हौस होती. अशा कामाला परवानगी लागते का, याची चौकशी करण्यासाठी तो अर्धी रजा घेऊन पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत गेला. तिथे नवीन जोडणी, बिल आणि तक्रार अशा तीन खिडक्या होत्या. आपले काम यांपैकी कशातच बसत नाही, असे त्याने तिन्ही खिडक्यांना नम्रपणे सांगितले. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंना त्याची दया आली. विचारपूस अशी नोंदवता येत नाही, त्या म्हणाल्या. तक्रार मात्र येते, आणि तिला नंबरही मिळतो. कोणाविरुद्ध तक्रार करायची, असे त्याने विचारले. ज्याच्या घरी वापरलेले पाणी अंगणात सोडले जाणार आहे त्याच्याविरुद्ध, असे उत्तर आले. अशा रीतीने शार्दूलने स्वतःविरुद्ध तक्रार केली आणि तिचा नंबर घेऊन समाधानाने घरी आला.

तक्रारीची दखल इतक्या तत्परतेने घेतली जाईल, असे कोणालाही वाटले नव्हते. पुढच्याच आठवड्यात एक तपासनीस दारात उभे राहिले. त्यांनी अक्कांच्या हातची कॉफी घेतली, पिंपाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि यात हरकत घेण्यासारखे काही नाही, असे सांगितले. अडचण एवढीच होती, की तक्रारदाराचे समाधान झाल्याशिवाय तक्रार मिटत नव्हती. तक्रारदार म्हणून शार्दूलने आपले समाधान झाल्याची सही करावी, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो म्हणून पुन्हा असे करणार नाही अशीही सही करावी, असे त्यांनी सुचवले. शार्दूलला एकही सही मनापासून करता येईना. शेवटी अण्णांनी त्याच्या हातात पेन दिले आणि अक्कांना तपासनिसांचा कॉफीचा पेला पुन्हा भरायला सांगितले. पेला रिकामा झाला तेव्हा सह्याही झाल्या होत्या.

प्लंबर मोहनकुमार हा उमदा माणूस होता. कोणत्याही सूचनेला तो "सरी सार" म्हणे आणि स्वतःला सोयीचे ते करी. पाइप जोडून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला: पिंप भरून वाहू लागले, तर वरचे पाणी कुठे सोडायचे?

"ते वाहणारच नाही," शार्दूल ठामपणे म्हणाला. "मी हिशेब केला आहे."

हिशेब खरोखरच झाला होता. अण्णा एक बादली पाण्यात आंघोळ करतात, अक्का एका बादलीत. स्वतःच्या नावापुढे शार्दूलने विनयाने तेवढीच एक बादली धरली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांपेक्षा जास्त धरणे त्याला बरे दिसले नसते. मोहनकुमार पुन्हा "सरी सार" म्हणाला आणि हातात उरलेला पाइपाचा तुकडा पिंपाच्या तोंडाशी बसवून त्याचे दुसरे टोक फाटकाच्या दिशेने वळवून निघून गेला.

इथे अक्कांनी एक प्रश्न उपस्थित केला. मोगऱ्याची फुले देवीला वाहायची असतात. मग झाड आंघोळीच्या पाण्यावर वाढले तर ती फुले चालतील का? अक्का रोज पहाटे मडीत, म्हणजे सोवळ्यात, पूजा करत, आणि या बाबतीत त्या तपासनिसांहून कडक होत्या. आपल्या माहेरच्या भटजींना त्यांनी फोन लावला. मातीतून गेलेले पाणी शुद्धच होते, असे भटजींनी सांगितले. मात्र आंघोळ करणाऱ्याने आधी काही खाल्लेले नसावे. फोन खाली ठेवून अक्कांनी शार्दूलकडे पाहिले. तो चहा-टोस्ट घेऊन मग आंघोळीला जातो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. आपल्या अंगावरून गेलेले पाणी देवीच्या दृष्टीने दुय्यम दर्जाचे ठरावे, हे त्याला लागले. परंतु ध्येयासाठी माणसाने काहीतरी सोडायचे असते. दुसऱ्या दिवसापासून तो चहाआधी, चांगला तासभर लवकर आंघोळीला जाऊ लागला.

या त्यागाचे फळ त्याला लगेच मिळाले. आता प्रकाश पहिल्यापासून पाहायला मिळू लागला. काळ्या टाकीची ती सोनेरी किनार, जी पूर्वी चहा पिताना निसटून जायची, तीही आता न्हाणीघरातून दिसे. तिथपासून साबणाच्या वडीपर्यंतचा तो सगळा हळुवार प्रवास आता एकसंध अनुभवता येई. अक्का हल्ली दोनदा हाक मारत. बिचारीचा जीव आपल्यात अडकत चालला आहे, असे शार्दूलला वाटे.

पिंप रोज काठोकाठ भरे. शार्दूलला याचे आश्चर्य वाटे. हिशेबाप्रमाणे ते जेमतेम तळ झाकेल इतके भरायला हवे होते. शेवटी त्याने अण्णांना एकांतात गाठून, अक्का गुपचूप दोनदा आंघोळ करतात का, असे अत्यंत नाजूक शब्दांत विचारले. अण्णा म्हणाले की बायकांच्या गोष्टी आपल्याला काय कळणार, आणि आत निघून गेले. आतून अक्कांचे हसणे ऐकू आले आणि लगोलग भांडे पडल्याचा आवाज आला.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, मोठे संकट कोसळले. शार्दूलने शांपू आणि साबण यांचा विचार करून वाळू भरली होती. या घरात सणाला डोक्यापासून टाचेपर्यंत एरंडेल चोळून अभ्यंगस्नान होते आणि ते तेल शिकेकाईच्या पुडीने काढले जाते, हे त्याच्या मोबाइलला माहीत नव्हते. त्यातून अक्कांची बहीण, मेहुणे आणि मुले सणाला आलेली. सगळे यथासांग न्हाले. दुपारपर्यंत वाळूवर एक जाड, हिरवट, शांत थर बसला होता. संध्याकाळी त्याला वास आला. दुसऱ्या दिवशी सुब्बारावांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांपर्यंत तो वास पोहोचला, आणि सुब्बाराव पंप घेऊनच आले.

शार्दूलने बाह्या सरसावून सगळी वाळू उपसली, धुतली, पुन्हा भरली. ती धुवायला किती पाणी लागले याकडे त्याने लक्ष दिले नाही. विज्ञानाच्या मार्गावर काही गोष्टींकडे लक्ष देऊन चालत नाही. मग त्याने अण्णांना आणि अक्कांना समोर बसवून, तेल लावण्याची जुनी सवय पाण्याच्या दृष्टीने कशी घातक आहे, हे समजावून सांगितले. स्वर सौम्य होता, शब्द वेचलेले होते.

अक्कांचा चेहरा उतरला. "आमचे सासरे नव्वद वर्षं तेलानं न्हाले," त्या म्हणाल्या. "एका तांब्यात न्हायचे ते. एका तांब्यात, बाळा."

तांब्यावरचा जोर शार्दूलच्या लक्षात आला नाही. जुन्या माणसांना आठवणी येतात, एवढेच त्याला वाटले, आणि त्याने अक्कांना मनातल्या मनात क्षमा केली.

त्यानंतर मावसबहिणीच्या लग्नासाठी त्याला आठवडाभर पुण्याला जावे लागले. निघताना त्याने कर्दळीवरून हात फिरवला. लग्नात नवरी सासरी निघाली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्यातले निम्मे पिंपाच्या काळजीचे होते.

परत येऊन पाहतो तो पिंप जवळजवळ कोरडे. वाळूला तडे गेले होते, कर्दळीची पाने कडेने सुकली होती. मोगरा मात्र टवटवीत होता. तांदूळ धुतलेले पाणी अक्का त्याच्या बुंध्याशी ओतत होत्या. आणि मग अण्णा बाहेर आले, इतके प्रसन्न की शार्दूलने त्यांना तसे कधी पाहिले नव्हते.

"संप अजून भरलेला आहे," ते म्हणाले. जमिनीखालच्या मोठ्या टाकीला इथे सगळे संप म्हणत. "आठवडा झाला, पाण्याची पातळी हललीसुद्धा नाही. गच्चीवरची टाकीसुद्धा भरलेली. मी तर दोनदा झाकण उघडून पाहिलं."

शार्दूलने डोळे मिटले. ज्या क्षणासाठी त्याने इतके सोसले होते तो क्षण आला होता. योजना सफल झाली होती. पिंप का कोरडे पडले, याचे उत्तरही त्याला तत्काळ सुचले: घरातल्या माणसांनाच पाण्याची शिस्त लागली होती. त्याच्या शब्दांनी काम केले होते. त्याने अण्णांचे हात हातात घेऊन त्यांचे अभिनंदन केले. अण्णा काही बोलायला गेले, पण अक्कांनी आतून खाकरल्यावर ते थांबले.

आता ही गोष्ट एका घरापुरती ठेवणे स्वार्थीपणाचे ठरले असते. गल्लीच्या रहिवासी संघाच्या सेक्रेटरी हेमावतीबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. शार्दूलने सारे धैर्य एकवटून त्यांना फोन केला आणि प्रात्यक्षिक पाहायला यायचे निमंत्रण दिले. त्या येईन म्हणाल्या. रविवारी सकाळी, आणि संघाच्या सभासदांना घेऊन.

रविवारी फाटकासमोर खुर्च्या मांडल्या गेल्या. अक्कांनी अंगणभर कमळांची रांगोळी काढली होती, इतकी सुरेख, की येणारे लोक कडेकडेने चालत होते. सुब्बाराव पहिल्या रांगेत बसले होते. शार्दूलने भाषण पाठ केले होते, पण इतकी माणसे पाहून त्याला पहिलेच वाक्य आठवेना. तेवढ्यात त्याच्या लक्षात आले, की प्रात्यक्षिकासाठी पाणी लागेल. अण्णा-अक्का तर पहाटेच न्हाऊन मोकळे झाले होते. राहिली होती ती एकट्या त्याची आंघोळ. त्याला केवढे हायसे वाटले. आता आपल्याला बोलावेच लागणार नाही, आपले कामच बोलेल. पाणी पिंपात कसे येते, गाळले कसे जाते आणि मोगऱ्याला कसे मिळते ते सर्वांनी शांतपणे पाहावे, असे पुटपुटून तो जिना चढला.

शॉवर सुरू केल्यावर थोड्या वेळाने खालून टाळ्या ऐकू आल्या. त्याचा ऊर भरून आला. व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्या उजळत होत्या. आज तिरीप नेहमीपेक्षा जराशी डावीकडे पडेल असे वाटत होते. सूर्य उत्तरेकडे सरकत असणार. किती लहान आपण, आणि किती मोठे ते सगळे, असे त्याला वाटले. आपण लाजाळू आहोत, पण लाजाळू माणसांनीच जगात टिकाऊ कामे केली असावीत. खाली जाऊन दोनच वाक्ये बोलावीत. पहिले वाक्य विनयाचे, दुसरे आभाराचे. की आधी आभाराचे? त्याने दोन्ही रचना करून पाहिल्या. तिरीप साबणाच्या वडीवर पडली. खालून आता मोठा गलबला ऐकू येत होता, खुर्च्या सरकत होत्या, माणसे उठून उभी राहत होती. लोक असे उभे राहून दाद देतील, ही कल्पनाही त्याने केली नव्हती. अक्कांची हाक एकदा आली, दोनदा आली. तिसऱ्यांदा अण्णांची आली. अण्णांनी त्याला अशी खालून कधीच हाक मारली नव्हती. माणसे भारावली की असे होते.

इस्त्रीचा कुर्ता घालून, भांग पाडून तो खाली आला तेव्हा अंगणात रांगोळी नव्हती. कमळांचा रंग गुलाबी ओहोळ होऊन फाटकाबाहेर चालला होता. पिंपाच्या तोंडाशी बसवलेल्या त्या तुकड्यातून, ज्याचे टोक फाटकाकडे होते, पाणी अजूनही बारीक धारेने येत होते. मोगऱ्याचा बुंधा तळ्यात उभा होता. सभासद चपला हातात घेऊन कट्ट्यावर चढले होते, आणि सुब्बाराव आपल्या दारात येणारे पाणी पोत्याने अडवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते घडल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते.

शार्दूलने दोन वाक्ये पाठ केली होती, पण तोंडून तिसरेच निघाले. कावेरीच्या मुख्य वाहिनीतून उलटे पाणी आले असावे, असे तो म्हणाला. मग मोहनकुमारच्या कामाबद्दल त्याने खेद व्यक्त केला. उष्णतेने पिंप आकुंचन पावण्याची शक्यताही त्याने मांडली.

हेमावतीबाईंनी त्याला पूर्ण बोलू दिले. वर्गात उशिरा आलेल्या मुलांना त्या असेच बोलू देत असाव्यात. मग त्यांनी अण्णांना कन्नडमध्ये विचारले, की एवढे पाणी किती माणसांच्या आंघोळीचे?

अण्णांनी छताकडे पाहायची सवय म्हणून वर पाहिले. पण अंगणात छत नव्हते. पाहुण्याला दोष न देण्याचा कुलाचार आणि मुख्याध्यापिकेपुढे खरे बोलण्याची सवय यांच्यात ते क्षणभर अडकले.

"एकाच्या," ते अखेर म्हणाले. "पण बाई, आमचा शार्दूल मन लावून न्हातो."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. अक्का पदर खोचून पुढे आल्या, त्यांनी ओल्या रांगोळीवरून पाय टाकत शार्दूलच्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, पाणी वरून आलं. रोज वरूनच येतं."

शार्दूल वर गेला आणि दुपारी जेवायला खाली आला नाही. तो सामान बांधत होता. टँकर अजून आलेला नव्हता, तरी मानी माणसाने टँकरची वाट पाहत बसायचे नसते. पुस्तके खोक्यात भरून झाली तेव्हा दारावर टकटक झाली. बाहेर अण्णा उभे होते. त्यांच्या एका हातात लोखंडी बादली होती, दुसऱ्या हातात पितळी तांब्या.

"सासऱ्यांचा आहे," अण्णा म्हणाले. "म्हणजे माझ्या वडिलांचा. तिनं सांगितलं, तुला द्यायला." मग खोक्याकडे पाहून ते किंचित रागावल्यासारखे झाले. "हे काय? कुठे निघालास? आठवडाभर तू नव्हतास, तर घरात पाणी होतं आणि माणूस नव्हतं. मला ते काही बरं वाटलं नाही. राहा. पण बादलीनं न्हा. स्वल्प लवकर आटप, एवढंच."

एवढे सांगून ते जिना उतरले. अर्ध्यावर थांबून, वर न पाहता, पिंप असू द्यावे असेही म्हणाले. पुढच्या उगादीला मेहुणे येतील तेव्हा उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी शार्दूल चहाआधी न्हाणीघरात गेला. बादली भरली, तांब्या बुडवला. पितळ थंड होते आणि त्याच्या तोंडाशी कोणाच्या तरी बोटांनी झिजलेली एक जागा होती. समोरच्या काळ्या टाकीला किनार उमटायच्या आत बादलीचा तळ दिसला. अंग पुसून, टॉवेल गुंडाळून तो तिथेच उभा राहिला. नळ बंद होता, घर शांत होते, खालून कोणी हाक मारली नाही. झावळ्यांतून प्रकाश गाळला गेला, काचपट्ट्यांवर बसला, फरश्यांवर राखाडी झाला, मग पिवळा, मग तो बिननावाचा रंग. साबणाची वडी केव्हाच कोरडी झाली होती. तिरीप तिच्यावर पूर्वीइतकीच नेमकी पडली आणि ती पूर्वीइतकीच उजळली.